वाचकांचे प्रश्न : वारा, छप्पर आणि पूल

वळवाच्या पावसाचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत वाऱ्याविषयीचे प्रश्न वाढतात. या खेपेस त्यांतील सहा प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रे वेगवेगळ्या गावांहून आली असली, तरी एका उत्तराचा धागा पुढच्या उत्तरात लागतो. म्हणून ती क्रमाने वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात आमच्या घरावरचे सगळे पत्रे उडाले आणि शेजारच्या सुपारीच्या वाडीत जाऊन पडले. भिंतींना मात्र साधी चीरही गेली नाही. वारा समोरून आडवा येत होता. मग भिंत पडण्याऐवजी छप्पर वर कसे गेले? (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : वारा घराला ढकलतो ही समजूत अर्धीच खरी आहे. समोरच्या भिंतीवर तो दाबतो हे खरे. पण भिंतीच्या माथ्यावरून आणि कोपऱ्यांवरून वळताना त्याचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो, आणि जेथे तो सुटतो तेथे हवेचा दाब एकदम कमी होतो. कमी उताराच्या छपराचा जवळजवळ सगळा भाग अशा कमी दाबाच्या पट्ट्यात येतो. परिणामी छपरावर वारा दाबत नाही, तर ते वर ओढतो.

ही ओढ किती असते याचा अंदाज घेता येतो. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात (८७५, भाग ३) दाबाचे साधे सूत्र दिले आहे : वेग मीटर प्रति सेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे; उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये मिळते. ‘निसर्ग’ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. त्यावरून दाब येतो चौरस मीटरला सुमारे ६५ किलो. छपरावरची ओढ साधारण याच घरात असते; वळचणीच्या कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ ती दीडपट-दुपटीपर्यंत जाते. पन्हळी पत्र्याचे स्वतःचे वजन मात्र चौरस मीटरला जेमतेम पाच किलो भरते. मंगलोरी कौलांचे छप्पर त्याच मापात चाळीस किलोंच्या वर जाते, शिवाय कौलांच्या फटींतून हवा आतबाहेर करत असल्यामुळे दोन्ही बाजूंचा दाब बराचसा जुळून जातो. म्हणूनच वादळात कौले निसटतात, फुटतात, पण वासे बहुधा जागेवर राहतात.

यात भर पडते ती वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडली गेल्याची. मग वारा घरात शिरतो, आतला दाब वाढतो, आणि वरून ओढ व आतून रेटा असे दोन्ही बळ एकाच पत्र्यावर एकाच दिशेने काम करू लागतात. आपल्याकडची जाणती माणसे वाऱ्याच्या तोंडचे दार आधी आडणा घालून बंद करतात. त्यामागे हेच कारण आहे.

पत्रे पुन्हा घालताना केवळ जे-हुक वाढवून भागत नाही. उडालेल्या छपरांत पुष्कळदा असे दिसते की हुक शाबूत असतात, पण पत्रे खालच्या लोखंडी पाइपांसकट गेलेले असतात, कारण पाइप भिंतीवर नुसते टेकवून वर सिमेंट थापलेले असते. पत्रा पाइपाला, पाइप कैचीला, कैची भिंतीतल्या सळईला आणि ती सळई भिंतीच्या वजनाला, अशी साखळी पुरी झाली पाहिजे. कडांच्या आणि कोपऱ्यांच्या पट्ट्यांत हुकांतील अंतर निम्मे करावे. पत्र्यांवर दगड ठेवण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी : जो वारा चौरस मीटरला साठ किलोंनी वर ओढतो, त्याच्यापुढे पाच-दहा किलोंचा दगड टिकत नाही, आणि तो पडतो कोणाच्या अंगणात हे आपल्या हाती नसते.

प्रश्न : १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला जाहिरातीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे गेली. त्या दिवशीचा वारा काही चक्रीवादळाचा नव्हता. एवढे लोखंड साध्या वादळी वाऱ्याने कसे पडते? (एक वाचक, विक्रोळी)

उत्तर : वरचेच सूत्र येथे वापरून पाहावे. फलक १२० फूट लांब आणि तितकाच उंच होता, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,३४० चौरस मीटर. तपासातील तांत्रिक अहवालाच्या ज्या बातम्या आल्या, त्यांत त्या दिवशीच्या वाऱ्याचा वेग ताशी ८७ किलोमीटर आणि फलकाचा पाया जेमतेम ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्याला पुरेल एवढाच असल्याचे म्हटले होते. हे आकडे घेतले, तर ८७ च्या वेगाला फलकावरचा एकूण रेटा निदान ४८ टन येतो, आणि ४९ च्या वेगाला तो १५ टनच राहतो. वेग दुपटीलाही पोहोचला नाही आणि भार तिपटीवर गेला. सूत्रात वेगाचा वर्ग असल्याचा हा अर्थ आहे.

मुंबईसाठी मानकाने धरलेला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर आहे. पुण्यासाठी तो ३९ मीटर आहे. हा वेग खुल्या जागी, जमिनीपासून दहा मीटरांवर, तीन सेकंदांच्या झोताचा आणि पन्नास वर्षांतून सरासरी एकदा गाठला जाईल असा मानला जातो. त्या वेगाला याच फलकावर दीडशे टनांहून अधिक रेटा आला असता. हा रेटा पायापासून निदान अठरा मीटर उंचीवर काम करतो, हेही ध्यानात घ्यावे. लोखंड किती जाड आहे हे येथे दुय्यम ठरते. उलथवू पाहणाऱ्या त्या बळाला धरून ठेवण्याइतका पाया खोल आणि जड आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

प्रश्न : साखर कारखान्याच्या लोखंडी धुराड्याच्या वरच्या भागाला स्क्रूच्या आट्यांसारखी पट्टी गुंडाळलेली असते. ती शोभेची आहे का? (एक वाचक, कागल)

उत्तर : नाही. गोल धुराड्यामागे वारा दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सोडतो, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. नदीत रोवलेल्या मेढीमागे पाण्याचे भोवरे असेच सुटताना दिसतात. प्रत्येक भोवऱ्यासरशी धुराड्याला वाऱ्याच्या आडव्या दिशेने हलकासा हिसका बसतो. सेकंदाला किती भोवरे सुटणार हे वाऱ्याच्या वेगाला व्यासाने भागून आणि ०.२ ने गुणून काढता येते. धुराडे दोन मीटर व्यासाचे असेल आणि सेकंदाला एकदा डोलणे ही त्याची स्वाभाविक चाल असेल, तर ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात हिसके आणि डोलणे यांची गाठ पडते. हे वादळ नव्हे, हा तर रोजचा वारा आहे; म्हणून खरे भय धुराडे एका झटक्यात मोडण्याचे नसते. लाखो वेळा वाकून सांधा थकण्याचे असते. आट्यांची पट्टी वाऱ्याला वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या ठिकाणी सोडायला लावते, त्यामुळे भोवऱ्यांची एकजूट मोडते. ही युक्ती ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत स्क्रूटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली.

प्रश्न : आम्ही मुंबईत बेचाळीस मजली इमारतीत चाळिसाव्या मजल्यावर राहतो. पावसाळ्यात जोराचा वारा सुटला की दिवाणखान्यातले लांब तारेचे झुंबर डोलू लागते, पण शेजघरातला आखूड तारेचा दिवा स्थिर असतो. आईंना तर गरगरते. इमारत कमकुवत आहे का? (एक वाचक, परळ)

उत्तर : आपल्या पत्रातील झुंबर आणि दिवा यांच्यातला फरक फार नेमका टिपला आहे, आणि उत्तर त्यातच दडलेले आहे.

प्रत्येक इमारतीला डोलण्याची स्वतःची एक लय असते. ४६ या आकड्याला इमारतीच्या मीटरमधील उंचीने भागले की ती सेकंदाला किती वेळा डोलेल याचा ढोबळ अंदाज मिळतो. आपली इमारत १३० मीटरांच्या आसपास धरली, तर एका हेलकाव्याला तिला पावणेतीन-तीन सेकंद लागत असावेत. आता लंबकाचे शालेय गणित आठवावे : २.८ सेकंदांचा हेलकावा घेणारा लंबक सुमारे दोन मीटर लांबीचा असतो. आपल्या झुंबराची तार तेवढीच असणार. इमारत आपल्या लयीत काही सेंटिमीटर हलते, झुंबर त्याच लयीचे असल्यामुळे तिचे हलणे साठवत जाते आणि डोळ्यांना दिसेल इतके डोलते. आखूड दिव्याची लय वेगळी असल्यामुळे तो जागचा हलत नाही.

उंच इमारतींनी डोलावे हे आराखड्यात गृहीतच असते. उंच इमारतींच्या भारतीय मानकात (१६७००) वाऱ्याने माथा सरकण्याची मर्यादा उंचीच्या पाचशेव्या भागाइतकी आहे. आपल्या इमारतीसाठी ती सुमारे २६ सेंटिमीटर होते. अर्थात एवढे सरकणे अतिशय मोठ्या वाऱ्यात अपेक्षित असते, दर श्रावणात नव्हे. माणसाला मात्र सरकण्याचे अंतर जाणवत नाही, त्याला दिशा पालटतानाचा हिसका जाणवतो. म्हणून मानक राहत्या इमारतींसाठी त्वरणाची वेगळी मर्यादाही घालते. आईंना गरगरणे हा सोयीचा आणि स्वास्थ्याचा प्रश्न आहे, तो क्षुल्लक नाही. पण तेवढ्यावरून इमारत कमकुवत ठरत नाही. भिंतींत तिरक्या भेगा पडत असतील किंवा दारे चौकटीत अडकू लागली असतील, तर मात्र सोसायटीने संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी.

डोलणे कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला आकाराचा. सरळसोट चौकोनी मनोरा खालपासून वरपर्यंत एकाच तालात भोवरे सोडतो, मागील उत्तरातील धुराड्यासारखाच, आणि त्यामुळे उंच मनोरे बहुतेकदा वाऱ्याच्या दिशेपेक्षा तिच्या आडव्या दिशेनेच अधिक डोलतात. दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफाचे तीन पंख वर जाताना फिरत्या क्रमाने एकेक संपत जातात. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर वाऱ्याला नवी रुंदी भेटते आणि भोवऱ्यांचा ताल जमत नाही. तैपेई १०१ चे नुसते कोपरे पायरीसारखे छाटल्याने वाऱ्याचा भार सुमारे पंचवीस टक्क्यांनी उतरला.

दुसरा मार्ग आपल्या झुंबराचाच. त्याच तैपेई १०१ मध्ये माथ्याजवळ ६६० टनांचा पोलादी गोळा जाड तारांनी टांगला आहे. त्याची लय इमारतीच्या लयीशी मुद्दाम जुळवली आहे. इमारत हलू लागली की तिची ऊर्जा गोळा घेतो आणि त्याला जोडलेले तेलाचे दट्टे ती उष्णतेत घालवतात. ऑगस्ट २०१५ मधील सौदेलोर वादळात हा गोळा एका बाजूला तब्बल एक मीटर सरकला होता. काही इमारतींत हेच काम गच्चीवरच्या, आत जाळ्या बसवलेल्या पाण्याच्या टाकीकडून करून घेतात. पाण्याच्या हिंदकळण्याची लय टाकीच्या लांबीवर आणि पाण्याच्या खोलीवर ठरत असल्यामुळे अशी टाकी भरलेली असणे, तीही ठरल्या खुणेपर्यंत, हा आराखड्याचाच भाग असतो.

प्रश्न : अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पूल १९४० मध्ये वाऱ्यामुळे कोसळला. आमच्या पुस्तकात त्याचे कारण अनुनाद, म्हणजे रेझोनन्स, असे दिले आहे. सर म्हणतात ते चूक आहे. कोणाचे खरे मानावे? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : सरांचे. मात्र पुस्तकात जे लिहिले आहे ते कोठून आले हेही पाहण्यासारखे आहे.

हा पूल १ जुलै १९४० रोजी वाहतुकीला खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला कोसळला. मधला गाळा ८५३ मीटर, रुंदी अवघी १२ मीटर. लिऑन मोइसेफ हे त्या काळी झुलत्या पुलांतले मोठे नाव होते. त्यांच्या सिद्धांताप्रमाणे लांब पुलाच्या तारांतील ताणच त्याला पुरेसा स्थिर ठेवतो. म्हणून कडेच्या तुळया फक्त २.४ मीटर उंचीच्या, आणि त्याही उघड्या जाळीच्या न करता भरीव पोलादी पत्र्याच्या केल्या गेल्या. पूल दिसायला फितीसारखा नाजूक झाला. स्थिर वाऱ्याचा भार तो सहज पेलू शकत होता. त्या सकाळच्या ताशी ६८ किलोमीटरच्या वाऱ्याहून किती तरी जोराचा वारा हिशेबात धरलेला होता. हिशेबात नव्हते ते वाऱ्याखाली पुलाचे हलणे.

खुला झाल्यापासून तो मंद वाऱ्यातही लाटेसारखा वरखाली होत असे, आणि लोक ती मौज अनुभवायला मुद्दाम येत. त्या लाटा भोवऱ्यांमुळे उठत होत्या. तेथे अनुनादाचे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी लागू पडते, आणि पुस्तकांचा घोटाळा येथूनच सुरू होतो. ७ नोव्हेंबरला सकाळी दहाच्या सुमारास मध्यावरचा तारेचा एक पट्टा सरकला आणि हालचालीची जातच पालटली : वरखाली होणारा पूल मध्यरेषेभोवती पिळू लागला, एक कड वर तर दुसरी खाली. पिळण्याचा वेग होता मिनिटाला सुमारे बारा. आता धुराड्याचा हिशेब येथे करून पाहा. वारा सेकंदाला १९ मीटर, तुळईची उंची २.४ मीटर, अशा छेदासाठी गुणक ०.२ ऐवजी ०.१२ च्या आसपास असतो. भोवरे सुटणार ते सेकंदाला जवळजवळ एक, म्हणजे मिनिटाला सुमारे साठ. साठ हिसक्यांनी बारा हेलकाव्यांशी अनुनाद होत नाही.

मग काय झाले? झोपाळ्याला योग्य क्षणी झोका देत राहणे हा अनुनाद. तेथे बाहेरचे बळ स्वतःच तालबद्ध असते. बाजाच्या पेटीत मात्र भाता सरळ, एकसारखी हवा देतो, तिच्यात ताल नसतो. तरी पितळी पट्टी आपल्याच स्वरात कापते, कारण पट्टीचे वाकणे हवेची वाट बदलते आणि बदललेली हवा पट्टीला पुन्हा ढकलते. टॅकोमाचा पूल त्या दिवशी पेटीतल्या पट्टीसारखा वागला. तो किंचित पिळला की वाऱ्याला सामोरा येणारा कोन बदले, त्यामुळे वाऱ्याचे बळ बदले, आणि ते बळ पिळण्याला अडवण्याऐवजी त्याच्याच दिशेने साथ देई. प्रत्येक फेऱ्यात पूल वाऱ्याकडून थोडी ऊर्जा घेत गेला. पोलादाच्या अंगची ऊर्जा जिरवण्याची शक्ती तिला पुरी पडली नाही. यालाच फ्लटर म्हणतात. विमानांच्या पंखांच्या बाबतीत तो तेव्हा माहीत होता, पण पूल बांधणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला नव्हता. बिल्ला आणि स्कॅनलन यांनी १९९१ मध्ये पुस्तकांतील ही चूक सविस्तर दाखवून दिली. तरी ती छापली जातच आहे.

त्या दिवशीची एक गोष्ट मला नेहमी आठवते. वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक फारक्वारसन पुलाच्या प्रतिकृतीवर प्रयोग करत होते, आणि त्या सकाळी ते पुलावरच होते. अडकलेल्या मोटारीतील कुत्र्याला सोडवायला ते गेले. कुत्रा त्यांना चावला आणि आत राहिला. या दुर्घटनेत जीव गेला तो तेवढाच. परतताना प्राध्यापक रस्त्याच्या मधोमध आखलेल्या रेषेवरून चालत आले, कारण दोन्ही कडा कित्येक फूट वरखाली होत असताना पिळण्याची मध्यरेषा तेवढी जागेवर होती.

१९५० मध्ये तेथे उभा राहिलेला नवा पूल १० मीटर उंचीच्या उघड्या जाळीच्या तुळयांचा आहे, आणि त्याच्या रस्त्यातही वारा जाण्यासाठी जाळीचे पट्टे सोडले आहेत. ब्रिटनमधील सेव्हर्न पुलाने १९६६ मध्ये वेगळी वाट धरली : रस्त्याखाली विमानाच्या पंखासारखी निमुळत्या कडांची चपटी पोलादी पेटी, जिच्यावरून वारा भोवरे न सोडता निसटतो. जपानच्या १,९९१ मीटर गाळ्याच्या आकाशी काइक्यो पुलासाठी शंभरास एक या प्रमाणातली प्रतिकृती वातबोगद्यात तपासली गेली. ती प्रतिकृतीच ४० मीटर लांब होती. तरीही निर्धास्त राहता येत नाही. ५ मे २०२० रोजी चीनमधील हुमेन पूल साध्या वाऱ्यात लाटांसारखा हलू लागला. कारण निघाले दुरुस्तीसाठी कडेने लावलेले पाणी भरलेले तात्पुरते अडथळे. पूल तोच, वारा नेहमीचा. कडेचा आकार तेवढा हातभर बदलला होता.

प्रश्न : गेल्या जुलैत कोकण रेल्वेने येताना आमची गाडी निवसरला बराच वेळ उभी होती. पुढे पुलावर वारा आहे, असे सांगण्यात आले. फलाटावर मात्र झाडाचे पानही हलत नव्हते. हे खरे असू शकते का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : असू शकते. निवसर आणि रत्नागिरी यांच्या दरम्यान पानवल नदीवरचा ४२४ मीटर लांबीचा पूल आहे आणि तो दरीच्या तळापासून ६४ मीटर उंचीवर आहे. जमिनीजवळचा वारा झाडे, घरे, डोंगरउतार यांच्याशी घासून मंदावतो. उंचीबरोबर तो वाढत जातो, आणि दरीच्या तोंडात सापडला की आणखी जोर धरतो. कोकण रेल्वेने ज्या चार जागी वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे बसवली आहेत, त्यांत पानवल पुलाचा हा टप्पा आहे. इतर तीन जागा गोव्यातील मांडवी व झुआरी आणि कर्नाटकातील शरावती या नद्यांवरील पूल.

पुलाला तो वारा सोसतो. प्रश्न गाडीचा असतो, आणि रिकामे डबे भरलेल्या डब्यांपेक्षा लवकर उलथतात. ही काळजी रेल्वेने किंमत मोजून शिकली आहे. स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूल २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात गाडीसकट नदीत गेला आणि गाडीतील एकही जण वाचला नाही. पुलाचे अभियंते थॉमस बाउच यांनी आराखड्यात वाऱ्याच्या दाबासाठी खास तरतूद केलेली नव्हती, हे त्यांनी चौकशीत स्वतःच सांगितले. तेथून जवळच १८९० मध्ये पुरा झालेला फोर्थ पूल चौरस फुटाला ५६ पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २७० किलो दाब धरून बांधला गेला; त्याचे अजस्र नळकांडी खांब पाहिले की ती भीती किती ताजी होती ते कळते.

आपल्याकडे रामेश्वरच्या जुन्या पांबन पुलावर वारा ताशी ५८ किलोमीटरवर गेला की सिग्नल आपोआप लाल होई आणि वारा उतरेपर्यंत गाडी मंडपमच्या बाजूला थांबे. निवसरला आपण ज्या वाऱ्यासाठी थांबलात, तो मोजणारे यंत्र पुलापाशी आहे, फलाटावर नव्हे.